माळेला काय चालतं

आत्याबाई, तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नाही, त्यामुळं हे पत्र आपल्या दोघींना अगदी शोभून दिसतं. मी सांगते आणि नात लिहिते. ती मधूनच म्हणते, "आज्जी, हळू सांग की, हात दुखायलाय माझा." तिला म्हटलं, आग तू लावलीस, आता धूरही तूच खा. तुम्ही गेलात तेव्हा हिचा बाप चड्डी सावरत अंगणात फिरत होता. तुमचा आवाज आठवणारं माणूस आता या घरात मी एक आणि पलीकडच्या घरात माझी धाकटी जाऊ, तुमची लाडकी सून, अशा दोघीच उरलोत. लाडकीचं पुढं सांगते. आधी हे ऐका, की मी पाया पडायला पत्र लिहीत नाही, भांडायला लिहिते. तुम्ही जिवंत असताना तुमच्याशी भांडायची माझी छाती नव्हती. आता मी तुमच्या वयाला मागं टाकलंय. नात्यानं तुम्ही थोरल्या असाल, वयानं मी थोरली आहे. तेव्हा गुमान ऐकायचं.

यंदाच्या सप्त्यात मला चुलीपाशी येऊ दिलं नाही. शेवटच्या दिवशी सगळं गाव जेवतं आणि त्या वरणाची फोडणी आपल्या घराकडं असते, हे तुम्हाला काय सांगायचं. तुमच्या हातून ती माझ्या हातात आली. पोथीला बसायला अक्षर लागतं, ते माझ्याकडं नाही. भजनाला गळा लागतो, माझा गळा म्हशी हाकायला बरा. देवाच्या मांडवात माझी म्हणून एकच जागा होती, त्या मोठ्या तपेल्याशेजारी, डोळ्यांत धूर आणि हातात पळी. फोडणीचा चर्र आवाज झाला की मांडवातली पोरं ओरडायची, आलं, आलं! तेवढं एक माझं कीर्तन. ते गेलं. आणि गेलं कशापायी, तर मी कुत्र्याची छत्री खाल्ली म्हणून. उठून बसू नका, पडूनच ऐका.

याचं मूळ तुमच्या स्वयंपाकघरात आहे. मी चुडाव्याकडून नवी नवरी होऊन आले. माझा बाप मेंढ्यांमागं फिरणारा, तुमचं घर जमीनवालं आणि माळकरी. जात एकच, चूल वेगळी. मंगळसूत्र तुमच्या लेकानं बांधलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीची माळ तुम्ही घातलीत. दोन्ही वेळी मला कुणी विचारलं नाही. मंगळसूत्राचं तर कुठल्याच पोरीला विचारत नव्हते, त्यामुळं त्याचं मला काही वाटलं नाही. माळेचं वाटलं. अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही चुलीपुढं पाटावर बसलाय, सुपात तूर आहे, खडे एकीकडं आणि दाणे एकीकडं करताय, आणि मान वर न करता मला जग समजावून सांगताय. "देवानं समद्याचे दोन ढीग केलेत. एक रगताचं, एक बिनरगताचं. रगताचं उंबऱ्याच्या भाईर ऱ्हातं." मी घाबरत विचारते, "मासा?" तुम्ही म्हणता, "रगताचा." मी विचारते, "मुंगी?" तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं बघता आणि म्हणता, "का, भूक लय लागलीय का?"

मग तो मसुरीचा दिवस. बाजारातून मसुरीची डाळ स्वस्त मिळाली म्हणून मी आणली, मोठ्या हौसेनं शिजवली. तुम्ही झाकण उघडलंत आणि मला हाक मारलीत. अशी हाक, की शेजाऱ्याची कोंबडी त्याच्या छपरावर गेली. "ह्या डाळीचा रंग दिसंना का तुला?" मी म्हटलं, "शिजल्यावर पिवळी झालीय की, आत्याबाई." तुम्ही म्हणालात, "शिजल्यावर मटनाचा बी रंग जातोय." आणि अख्खं तपेलं उचलून म्हशीपुढं ओतलंत. म्हैस माळकरी नव्हती, तिनं चाटून पुसून खाल्लं. त्या दिवशी मी भाकरीला मीठ लावून खाल्लं, आणि मनात म्हटलं, बाई, बिनरगताची डाळ तुम्ही रंगावरून रगतात टाकलीत, मग तुमच्या ढिगांना अर्थ काय? पण मनातच म्हटलं. आज तोंडानं म्हणते. तुमचे ढीग चुकीचे होते.

ही नात परभणीच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकते. तिथंच कुठंतरी अळंबी पिकवायचं शिकून आली. तेच आपलं कुत्र्याच्या छत्रीचं घरंदाज नाव. म्हशी विकल्यापासून गोठा रिकामा होता. तिथं तिनं सोयाबीनचं भुसकट भिजवून, उकळून, पिशव्यांत भरलं, त्यात बी घातलं आणि पिशव्या आढ्याला टांगल्या. काही दिवसांनी मी बघते तर पिशव्यांत आतून पांढरं जाळं धरलेलं. मला वाटलं, नासलं भुसकट. पोरगी कॉलेजातून यायच्या आधी आपण झाकपाक करावी म्हणून दोन पिशव्या उचलल्या आणि उकिरड्यावर नेऊन टाकल्या. ती आली ती रडतच सुटली. "आज्जी, ते नासलेलं न्हाई, तेच तर पीक हाय!" म्हटलं, बुरशी हे पीक? मग लोणच्याच्या बरणीत मी इतकी वर्षं पीकच काढत होते म्हणायचं. पण उरलेल्या पिशव्यांना छेद दिल्यावर तिथून कानासारखे पांढरे गुच्छ बाहेर आले. एकावर एक, मऊ, कोवळे. दिसायला देखणे, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी ओट्यावर बसून गुच्छ निवडताना मी विचारलं, हे झाड का वेल? तर म्हणाली, "झाडच न्हाई, आज्जी." आणि मग तिनं मला तिचं जग समजावून सांगितलं, तुमच्यासारखंच, मान खाली घालून, निवडता निवडता. तिच्या पुस्तकात ढीग पाच आहेत. ती त्यांना सृष्टी म्हणते. म्हणाली, आपलं अंग बारक्या बारक्या पेशींचं बनलेलं असतं, भिंत विटांची असते तसं. काही जिवांचं मात्र अख्खं घर एकाच विटेचं, आणि त्या विटेला आतली खोलीसुद्धा नाही. दुधाचं दही करतात ते यातलेच. तो पहिला ढीग. दुसऱ्यात डबक्याच्या पाण्यातले. वीट एकच, पण आत खोली आहे, म्हणजे जरा खातंपितं घर. चौथ्यात झाडं, जी आपलं अन्न उन्हावर आपणच शिजवतात. पाचव्यात जनावरं, जी दुसऱ्याचं खातात. मी विचारलं, "आणि माणूस?" म्हणाली, "पाचव्यात." "शेळीसोबत?" "शेळीसोबत, माशीसोबत, गांडुळासोबत." "आणि तुझी पलीकडची आजी?" "ती बी." त्या वेळी मला तिचं शास्त्र एकदम पटलं.

तिसरा ढीग राहिला होता. तो बुरश्यांचा आणि छत्र्यांचा. त्या जागा सोडत नाहीत म्हणून झाडासारख्या दिसतात, पण उन्हावर शिजवत नाहीत. मेलेल्या पाल्यावर, भुसकटावर बसतात, आपला रस त्यावर सोडून बाहेरच पचवतात आणि मग आत ओढून घेतात. आधी पचवायचं आणि मग खायचं, म्हणजे वयस्कर माणसाच्या फार सोयीचं. पोरगी म्हणाली, पूर्वी मोठमोठे पंडितसुद्धा दोनच ढीग करायचे, झाडं आणि जनावरं, आणि छत्र्यांना झाडांत ढकलून द्यायचे. पुढं नीट बघत गेले तसे ढीग मोडले, नवे मांडले. अजूनही मोडतात आणि मांडतात म्हणे. मला तुमची आठवण झाली. म्हटलं, चला, दोन ढिगांवर आत्याबाई एकट्याच बसल्या नव्हत्या. फरक एवढाच, की त्या पंडितांना आपला ढीग मोडायची लाज वाटली नाही.

आता तुमच्या लाडकीचं. मी कांदा, काळा मसाला आणि शेंगदाण्याचा कूट घालून भाजी केली. वास गेला भिंतीपलीकडं, आणि तुमची लाडकी वाटी घेऊन हजर. तिच्याही गळ्यात तुम्हीच घातलेली माळ. दोन वाट्या खाल्ल्या, वाटीला बोट फिरवलं, म्हणाली, "कशाची गं भाजी ही, लय झाक झालीय." आणि आमची विदुषी बोलली. नुकतंच शिकलेलं माणूस गप्प बसत नाही. "आजी, ही भाजी न्हाई बरं का. ही झाडापरीस जनावराच्या जवळची हाय. हिच्या अंगात जे असतंय ते झाडात नसतंय, खेकड्याच्या टरफलात असतंय." जावेचं बोट वाटीतच राहिलं. उठली, मोरीत जाऊन गुळण्या केल्या. गुळण्यांनी दोन वाट्या परत येत नसतात, पण ते असो. तिथून ती घरी नाही गेली. तडक देवळात विणेकऱ्याकडं गेली, सप्त्यात त्याचाच शब्द चालतो.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. जायच्या आधी पोरगी माझ्यापुढं येऊन बसली. डोळे सुजलेले. म्हणाली, "आज्जी, मी सांगते त्यास्नी. चुकून बोलले म्हनते. भाजीच हाय म्हनते, दुकानात भाजीतच तर ठेवत्यात. तुझी फोडनी तुझ्याकडं ऱ्हाईल." आत्याबाई, एवढं सोपं होतं. पोरीनं एक वाक्य बोलायचं आणि माझी जागा मला परत. मी तिला म्हटलं, "खबरदार. तू शिकलीस ते माझ्या तपेल्यापायी खोटं करायचं न्हाई. आन् त्या पिशव्या बी उतरवायच्या न्हाईत. रोज पानी मार त्यांना." आपल्या घरात कोणत्या बाईनं काय खरं मानायचं हे आजवर दुसरंच कुणीतरी ठरवत आलंय. ही पहिलीच पोरगी, जी स्वतः बघून सांगते. तिनं सांगितलेलं तिच्याच तोंडानं परत घ्यायला लावलं असतं, तर मी तुमच्यापेक्षा वाईट ठरले असते. तुम्ही निदान म्हशीपुढं डाळ ओतलीत, पोरीचं डोकं नाही.

देवळात पाचसहा माणसं. विणेकरी मधे, जाऊ खांबाआड, डोळ्यांना पदर. विणेकरी माणूस वाईट नाही, आवाजसुद्धा चढवत नाही. म्हणाला, "वहिनी, आमी काय तुमाला वाळीत टाकायलो न्हाई. माळ उतरवा, येत्या एकादशीला नवी घालू. न्हाई तर समद्यांसमोर म्हना, चूक झाली, पुन्हा खानार न्हाई. इषय संपला."

मी म्हटलं, "भाऊजी, तुमी पोखर्णीला जाता का?"

"जातो की. कुलदैवत हाय."

"तिथला नरसिंह मानूस हाय का जनावर?"

कुणीतरी मागं हसलं. विणेकरी म्हणाला, "देवाला असं इचारत्यात का वहिनी?"

"मी कुठं इचारायले. देवानंच केलंय. ना मानूस ना जनावर, असं मधलं रूप घेतलं म्हनून तर काम झालं. त्यो राक्षस बी तुमच्यासारखाच दोन ढिगांवर भरवसा ठिवून बसला हुता."

आता सगळेच हसले, खांबाआडचा पदरसुद्धा हलला. मला चेव आला. म्हटलं, "आन् पोरगी म्हनती दह्यात बारीक जीव हायेत, तवा शेवटच्या दिवशी काला कशाचा करता, सांगा." पण हसून माणसं आपला फैसला बदलत नसतात. विणेकरी शांतपणे म्हणाला, "वहिनी, बोलन्यात तुमाला कोन हरवनार. पर तुमच्या सासूनं मसुरीची डाळ उंबऱ्याच्या आत येऊ दिली न्हाई. ती माउली आज असती तर काय म्हनली असती?"

आणि आत्याबाई, तुम्ही काय म्हणाला असता ते मला माहीत आहे. तुम्ही ते म्हणून गेलाय. माझं दुसरं बाळंतपण. ताप उतरत नाही, अंगात रक्त नाही, पोराला दूध पुरत नाही. नर्सबाई येते आणि म्हणते, हिला रोज अंडी द्या, नाहीतर ही जायची. तुम्ही तिला दारातून हाकलून देता, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करता. मग भर दुपारी, माणसं शेतावर गेलेली, तुम्ही मला हाताला धरून कडब्याच्या गंजीमागं नेता. तिथं तीन दगड मांडलेले, जर्मनचं एक पोचे आलेलं भांडं, आणि त्यात अंडी उकळतायत. तुम्ही गळ्यातली माळ फिरवून पाठीवर टाकता, माळेला दिसू नये म्हणून. स्वतःच्या हातानं टरफल काढता. बोटं भाजतात, तुम्ही फुंकर मारता. मी तोंड फिरवते तर म्हणता, "अंडं म्हंजे अजून कुनीच न्हाई. चालत न्हाई, वरडत न्हाई. खा गुमान. आन् कुठं बोललीस तर जीभ हासडीन."

दिसलं का, आत्याबाई? तिसरा ढीग तुम्हीच मांडला होता. पुस्तकाच्या आधी, पोरीच्या आधी, कडब्यामागं, तीन दगडांवर. आणि मग पुन्हा चुलीपुढं येऊन दोन ढिगांच्या गप्पा मारत बसलात. माझा राग त्या मसुरीचा नाहीच. राग याचा आहे, की तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही गावाला कळू दिलं नाही. तुम्ही एकदा, फक्त एकदा, देवळात उभं राहून म्हणाला असता, की सून मरत होती म्हणून मी ढीग मोडला, तर आज मला राक्षसाच्या गोष्टी सांगाव्या लागल्या नसत्या. ती गोष्ट माझ्या जिभेच्या टोकावर होती. सांगितली असती तर विणेकऱ्याचं तोंड तिथंच बंद झालं असतं आणि पळी माझ्या हातात आली असती. मी खांबाकडं बघितलं. तुमच्या लाडकीला ठाऊक नाही. तिच्यासाठी तुम्ही अजून मसुरीला न शिवणारी माउली आहात. मी नाही बोलले. तुम्ही जीभ हासडायची धमकी दिली होती म्हणून नव्हे, ते भय कधीच गेलं. बोटं भाजलेल्या बाईला गावापुढं उभी करून मला फोडणी नको होती. मी एवढंच म्हटलं, "माळ उतरवनार न्हाई. आन् खाल्लेलं नाकारनार न्हाई. तुमची फोडनी तुमी द्या." आणि उठले.

काल्याच्या दिवशी सगळ्यांना वाटलं मी घरी कुढत बसेन. मी नवं लुगडं नेसून पहिल्या पंगतीत जाऊन बसले, माळ पदरावर, चांगली दिसेल अशी. नात शेजारी. फोडणी तुमच्या लाडकीनं दिली. मोहरी करपली होती, ते वासावरूनच कळलं. वाढायला आलेली गावातली एक सून वाकून हळूच विचारते, "आज्जी, वरन जमलंय का हो?" म्हटलं, "जमलं की. तिसऱ्या ढिगातलं झालंय, ना खारट ना अळनी." ती हसू दाबत पुढं गेली. तपेल्याशेजारून जाऊ माझ्याकडं बघत होती. मी दुसऱ्यांदा वरण मागून घेतलं. उपाशी उठायला मी काही गुन्हा केला नव्हता. पुढच्या वर्षी बोलावतील का, माहीत नाही. बोलावलं तर जाईन. माळ घालून, आणि आदल्या दिवशी अळंबी खाऊन.

नात विचारते, "आज्जी, हे पाठवायचं कुठं? पत्ता काय घालू?" म्हटलं, पाठवायचं नाही. लिहून झालं की माझ्या उशाखाली दे. मग म्हटलं, थांब, अजून थोडं आहे. ती म्हणते हात मोडला. मोडू दे.

आत्याबाई, ढीग, सृष्टी, नरसिंह, सगळं खरं आहे, त्यातला शब्द मी मागं घेत नाही. पण तो पहिला घास तोंडात गेला तेव्हा मला यातलं काही सुचलं नव्हतं. मऊ, पण दाताला जरा ओढ देणारा. आणि एकदम मला बापाचा तळ दिसला. उघड्यावर शिजणारं मटण, भोवती मेंढरांची धूळ, आणि बाप ओरडून सांगतोय, नळी माझ्या पोरीची, तिला कुणी हात लावायचा नाही. माळ घातल्यापासून ती चव मला आठवतच नाही, असं मी तुम्हाला सांगत आले होते. पोरगी जनावराजवळचं का काय म्हणाली ते नंतर. माझ्या जिभेनं ते आधीच ओळखलं होतं. आणि ओळखून मी वाटी पुन्हा पुढं केली.